शेवटच्या डब्याचा दुसरा संसार

गणपती बसण्याच्या आठ दिवस आधी आमच्या घरी माळ्यावरून एक पेटी खाली काढली जाते. काळी, लोखंडी, रिकामी असली तरी एकट्याने उचलताना कंबर सांभाळावी लागेल अशी. झाकणावर पांढऱ्या रंगात आमच्या आप्पांचे नाव, त्याखाली ‘गुड्स गार्ड’ आणि त्याखाली ‘उधना’ ही अक्षरे अजून वाचता येतात. आत मखराचे तुकडे, झिरमिळ्या, टाळांचे दोन जोड आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली समई असते. घरातल्या मुलांना ती ‘गणपतीची पेटी’ म्हणूनच ठाऊक आहे. मागच्या वर्षी धाकट्याने विचारले, “गणपतीच्या पेटीवर आप्पाआजोबांचं नाव कशाला?” त्याला उत्तर देता देता आम्ही बरेच लांब गेलो. हा लेख म्हणजे तेच लांबलेले उत्तर समजावे.

आप्पा म्हणजे आमच्या वडिलांचे थोरले भाऊ. अमळनेर तालुक्यातून सुरतेला आधी ते आले, रेल्वेत चिकटले, आणि त्यांच्या आधाराने आमचे वडील येऊन मिलमध्ये लागले. उधना, पांडेसरा, लिंबायत, डिंडोली या भागांत आज जी खानदेशी वस्ती आहे, तिच्यातल्या बहुतेक घरांची गोष्ट थोड्याफार फरकाने हीच असेल. गाव सोडून आलेला माणूस ज्या गाडीने आला तीही एकच : उधन्याहून बारडोली, व्यारा, सोनगढ, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर करत जळगावला जाणारी. हा मार्ग ‘ताप्ती व्हॅली रेल्वे’ या नावाच्या कंपनीने बांधला. तिच्यामागे मुंबईची किलिक निक्सन ही पेढी होती, जिने विदर्भातली शकुंतला गाडीही चालवली. १९०० सालापर्यंत ही लाईन पुरी झाली, म्हणजे गुजरातेत ज्याला ‘छप्पनियो’ म्हणतात त्या संवत १९५६ च्या भीषण दुष्काळातच. पुढे ती बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत मिसळली आणि १९५१ मध्ये पश्चिम रेल्वेत आली. म्हातारी माणसे अजून तिला ‘टी. व्ही. लाईन’ म्हणतात. नवापूरचे स्थानक तर असे आहे, की फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात आणि एक गुजरातेत. आम्हां सुरतकर मराठी माणसांची अवस्था दाखवायला याहून चांगली जागा सापडणार नाही.

या लाईनवर आप्पा मालगाडीचे गार्ड होते.

प्रवासी गाडीचा गार्ड सगळ्यांना दिसतो. पांढरा गणवेश, हिरवी झेंडी, शिट्टी. मालगाडीचा गार्ड कोणाला दिसत नाही. चाळीस-पन्नास वाघिणी धडधडत गेल्या की लोक फाटकातून घुसायला लागतात. शेवटच्या छोट्या डब्याकडे बघायला कोणाला वेळ असतो? तो डबा म्हणजे ब्रेकव्हॅन. आप्पांच्या काळातला चार चाकांचा होता. मध्ये एक खोली, दोन्ही टोकांना कठडा असलेला व्हरांडा. खोलीत एक लाकडी बाकडे, ब्रेकच्या दाबाचे तबकडीवाले मीटर आणि हातब्रेकचे चाक. दिवा नाही, पंखा नाही, शौचालय नाही. उजेड हवा तर आपला कंदील आपण न्यायचा. चार चाकांवरचा हलका डबा लांबलचक गाडीच्या शेवटी असल्यामुळे इंजिनाने ओढ घेतली की त्याला असा हिसका बसे, की उभा माणूस आडवा व्हावा. आप्पा जेवणाचा डबा मांडीत घट्ट धरूनच जेवत, आणि ही सवय त्यांना घरी पाटावर बसल्यावरही सुटली नव्हती. मोठी आई म्हणायची, “कोणी पळवत नाही तुमचं ताट.”

आम्ही या डब्यात एकदाच चढलो, उधन्याच्या यार्डात, गाडी उभी असताना, वयाच्या नवव्या-दहाव्या वर्षी. आठवते ते एवढेच, की हातब्रेकचे चाक आमच्याने तसूभरही हलले नाही आणि सगळीकडे कोळशाचा आणि तेलाचा वास होता.

इतक्या गैरसोयीच्या डब्यात माणूस बसवायचाच कशाला? तर गाडीचे शेपूट गाडीबरोबर आहे याची खात्री करायला. मधली एखादी साखळी तुटून गाडीचे दोन तुकडे झाले, तर पुढच्या चालकाला ते ताबडतोब कळेलच असे नाही. मागे राहिलेल्या वाघिणी रुळावर उभ्या, आणि मागून दुसरी गाडी येते आहे. म्हणून शेवटच्या डब्याच्या पाठीवर दिवसा ‘एल. व्ही.’ची पाटी आणि रात्री लाल दिवा. स्थानकाचा मास्तर तो शेवटचा डबा डोळ्यांनी पाहतो, तेव्हाच गाडी पुरी आली असे धरतो आणि मागचा मार्ग मोकळा करतो. गाडी मध्येच अडकली, घसरली किंवा तुटली तर गार्डने उतरून मागे चालत जायचे : ६०० मीटरवर एक फटाका रुळाला बांधायचा, आणखी पुढे १२०० मीटरवर दहा-दहा मीटर अंतराने तीन बांधायचे, आणि लाल दिवा दाखवत उभे राहायचे. हे दिवाळीचे फटाके नव्हेत. चाक वर गेले की मोठा आवाज होतो आणि चालकाला थांबण्याचा इशारा मिळतो.

आमच्या काळ्या पेटीत हेच असायचे. दोन लाल झेंड्या, एक हिरवी, हातकंदील, फटाक्यांचा पत्र्याचा डबा, नियमांचे पुस्तक, प्रथमोपचाराचे थोडे सामान. गार्ड ज्या गाडीवर जाईल त्या गाडीवर पेटी जायची, हमालाच्या डोक्यावरून. आप्पांनी एकदा दोंडाईचा आणि शिंदखेड्याच्या दरम्यान, पावसात, मध्यरात्री हे सगळे करून दाखवले होते. त्यांनी ते शौर्य म्हणून कधी सांगितले नाही. बाराशे मीटर म्हणजे किती पावले हे आम्हाला मोजायला लावत, तेव्हा ओघात सांगत. १९९६ मध्ये ते निवृत्त झाले. निकामी पेट्यांचा लिलाव निघाला तेव्हा त्यांनी आपलीच पेटी पैसे भरून विकत घेतली. मोठी आई चिडली होती, कारण त्या पैशांत नवी कपाटातली कोठी आली असती. पहिली काही वर्षे पेटीत तांदूळ होते. गणपतीचे सामान नंतर आले.

आता तो डबा आणि तो गार्ड, दोघांचीही पाळी आली आहे. शेवटच्या वाघिणीला एक यंत्र अडकवायचे. ते ब्रेकच्या नळीतला दाब मोजते आणि रेडिओवरून इंजिनातल्या चालकाला कळवते. शेपूट तुटले की दाब पडतो, पुढे इशारा वाजतो. माणूस नको, माणसासाठी डबा नको, त्या जागी एक मालवाघीण जास्त जोडता येते. आपल्याकडे अशी यंत्रे घेऊन काही मालगाड्या ब्रेकव्हॅनशिवाय चालवायला सुरुवात झाली आहे. दरम्यान जानेवारी २०२२ मध्ये गार्ड हे नावच बदलून ‘ट्रेन मॅनेजर’ झाले. आप्पा असते तर एवढेच म्हणाले असते, की मॅनेजरला निदान पाठ टेकायला खुर्ची द्या.

आम्ही स्वतः सरकारी आयटीआयमध्ये शिकवतो. डिप्लोमा मेकॅनिकलचा, तेव्हा इतिहासात आमचा काही अधिकार नाही. पण निकामी ठरलेल्या यंत्राचे पुढे काय होते, हा आमच्या रोजच्या कामातला प्रश्न आहे. आमच्या कार्यशाळेत मुले ज्या इंजिनावर हात बसवतात ते एका सरकारी जीपमधून उतरलेले आहे. म्हणून धाकट्याला उत्तर देताना आम्ही शोध सुरू केला तो इथून : या शेवटच्या डब्यांचे पुढे काय होते?

अमेरिकेत या डब्याला ‘कबूस’ म्हणतात. तिकडचे अंतर मोठे, थंडी मोठी, म्हणून डब्यात शेगडी, झोपायला फळ्या, काहींच्या छतावर गाडीवर नजर ठेवायला काचेचा मनोरा. १९८२ मध्ये तिथल्या रेल्वे कंपन्या आणि कामगार संघटना यांच्यात करार होऊन हे डबे काढायची वाट मोकळी झाली, आणि हजारो कबूस एकदम बेकार झाले. पण त्यांची विक्री त्याआधीच सुरू झाली होती. पेनसिल्वेनियात एका गृहस्थाने १९६९ मध्ये मित्राच्या चिथावणीने १९ जुन्या कबूसवर लिलावात प्रत्येकी सातशे डॉलरची बोली लावली. बोली इतकी कमी की लागणारच नाही या भरवशावर. ती लागली. पंचवीस-पंचवीस टनांचे १९ डबे पदरी पडल्यावर करायचे काय? त्याने ते लाल रंगवले, आत पलंग टाकले आणि १९७० च्या मे महिन्यात त्यांचे छोटे हॉटेल उघडले. ते चांगले चालले. पुढे अमेरिकेत गावोगाव कबूस उभे राहिले. कुठे कोणाच्या परसात पाहुण्यांची खोली, कुठे आइस्क्रीमचे दुकान, कुठे गावच्या बागेत मुलांना चढायला. इंग्लंडमध्ये ही रीत आणखी जुनी. तिथल्या दक्षिण किनाऱ्यावर सेल्सी आणि पॅघम या गावांत पहिल्या महायुद्धानंतर लोकांनी जुने रेल्वे डबे घेऊन त्यांचीच घरे केली, आणि १९३३ पासून एका मोठ्या रेल्वे कंपनीने जुने डबे निसर्गरम्य स्थानकांवर उभे करून सुट्टीसाठी भाड्याने द्यायला सुरुवात केली.

हे वाचून आम्हाला हेवा वाटला हे कबूल करतो. आपल्याकडे ब्रेकव्हॅन बाद झाला की तो वजनावर जातो. लिलाव होतो, घेणारा यार्डातच गॅस कटरने तुकडे करतो, ट्रक भरतो, आणि पोलाद भट्टीत. यात चूक काही नाही. सुरतेत राहणाऱ्याला भंगाराच्या धंद्याची लाज वाटायचे कारण नाही, आणि वितळलेल्या लोखंडालाही पुढचा जन्म असतोच. पण मग आपल्याकडे रेल्वेच्या कुठल्याच डब्याला दुसरा संसार मिळाला नाही का? शोधत गेलो तेव्हा कळले, की मिळाला. मात्र कोणाच्या डब्याला कसला, यात मोठा फरक आहे.

सुरुवात आपल्या शेजारच्या मराठी राज्यापासून करू. बडोद्याच्या गायकवाडांना रेल्वेचा षोक होता असे म्हणणे कमी पडेल. मियागाम ते डभोई ही भारतातली पहिली अरुंद मापाची लाईन त्यांचीच. ती १८६२ मध्ये सुरू झाली तेव्हा गाडी बैल ओढत होते. सुरतेजवळची बिलिमोरा-वघई ही ६३ किलोमीटरची गाडीही गायकवाडी. सयाजीराव महाराजांच्या हाती पूर्ण कारभार आल्यावर थोड्याच वर्षांत, १८८६ मध्ये, बी. बी. अँड सी. आय.च्या मुंबईतल्या परळच्या कारखान्यात बडोद्याच्या महाराजांसाठी खास सलून बांधले गेले. तो डबा आज दिल्लीला चाणक्यपुरीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे. संग्रहालय १९७७ मध्ये उघडले. दिल्लीला प्रशिक्षणासाठी गेलो असता आम्ही तिथे जाऊन आलो. एरवी काचेतून वाकून बघणारी माणसे ‘बडोदा’ हे नाव वाचून पुढे जात होती. आम्ही मात्र उगाच तिथे रेंगाळलो, जणू आपल्या गल्लीतला माणूस परगावी भेटला.

राजेरजवाड्यांच्या इतर डब्यांचे नशीबही वाईट नव्हते. संस्थाने गेल्यावर त्यांतले बरेच यार्डांमध्ये पडून होते. राजस्थानातली संस्थाने, बडोदा, हैदराबादचा निजाम आणि खुद्द व्हाइसरॉय यांच्या डब्यांना एकत्र जोडून २६ जानेवारी १९८२ ला ‘पॅलेस ऑन व्हील्स’ सुरू झाली. ज्या डब्यात एकेकाळी महाराजांशिवाय कोणी पाऊल टाकत नसे, तिथे तिकीट काढून कोणीही झोपू शकत होता. तिकीट कोणालाही परवडणारे नव्हते, ही गोष्ट वेगळी. ते मूळ डबे काही वर्षांनी निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी नवे आले. बडोद्याच्या राजवाड्यातली खेळण्यासारखी छोटी गाडी तर नंतर कमाटीबागेत आली आणि दोन पिढ्यांची मुले तिच्यात बसली. राजपुत्राचे खेळणे रयतेच्या पोरांना मिळाले. आमच्या मते गायकवाडांच्या सगळ्या डब्यांत सर्वांत चांगला दुसरा संसार याच गाडीचा झाला.

आता साधा डबा. सुरत-भुसावळ पॅसेंजरचा, ज्याच्या खिडकीत रुमाल टाकून आपण जागा धरली आहे तो. हे निळे आणि तपकिरी डबे बहुतेक चेन्नईजवळच्या पेरांबूरच्या कारखान्यातले. हा कारखाना १९५५ मध्ये सुरू झाला, मूळ आराखडा स्विस होता. जानेवारी २०१८ मध्ये तिथून त्या जुन्या पद्धतीचा शेवटचा डबा बाहेर पडला. त्यांच्या जागी जर्मन धाटणीचे एल. एच. बी. डबे आले. जुन्या डब्याचे आयुष्य साधारण पंचवीस वर्षांचे धरतात. त्यानंतर, किंवा त्याच्या थोडे आधी, त्यांतल्या अनेकांचे असे होते : बाके उपटतात, पंखे काढतात, खिडक्या आणि दारे पत्र्याने बंद करतात आणि दोन्ही टोकांना मोठी दारे बसवतात, म्हणजे मोटारगाड्या एका डब्यातून दुसऱ्यात अशा सरळ चालवत नेता येतात. झाली मोटारी वाहणारी मालगाडी. चिंचवड आणि नाशिक रोडहून नव्या कोऱ्या गाड्या अशा डब्यांतून देशभर जातात. यार्डात उभी असलेली ही आंधळी गाडी पाहिली की खिडक्यांच्या जागा अजून ओळखू येतात. तिसऱ्या खिडकीत कोणी तरी बसून गावाला गेले होते असे वाटत राहते. काही डबे यांत्रिक कामगारांच्या मुक्कामाला, काही अपघात मदत गाडीला लागतात. आणि अलीकडे काहींची उपाहारगृहे झाली. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर ऑक्टोबर २०२१ मध्ये असे एक उघडले, मग नागपूरला. तिथे खिडकीशी बसून जेवता येते, गाडी हलत नाही, डबा मांडीत धरावा लागत नाही. आम्ही सहकुटुंब जाऊन आलो. जेवण चांगले होते, पण बिल आल्यावर ‘पॅसेंजर बरी होती’ असे सौभाग्यवती म्हणाल्या.

या सगळ्यांत आम्हाला मोठी वाटणारी गोष्ट ‘जीवनरेखा एक्सप्रेस’ची. मुंबईच्या इम्पॅक्ट इंडिया फाउंडेशनने रेल्वेकडून तीन जुने डबे घेतले, त्यांत शस्त्रक्रियेची खोली केली, आणि जुलै १९९१ मध्ये त्या वेळच्या बिहारमधल्या खलारी इथे पहिले शिबिर भरले. रुळांवरचे हे जगातले पहिले रुग्णालय मानले जाते. जिथे डॉक्टर जात नाहीत पण रूळ जातात तिथे ही गाडी साइडिंगला उभी राहते. मोतीबिंदू, फाटलेला ओठ, पोलिओने वाकलेला पाय, कानाचे दुखणे, सगळ्यांवर फुकट उपचार. ज्या डब्यांना रेल्वेने ‘पुरे’ म्हटले होते, त्यांतून हजारो माणसे पाहू आणि चालू लागली.

रुग्णालय झालेला डबा आमच्या घरापर्यंतही आला.

२०२० मध्ये करोनाच्या पहिल्या लाटेत रेल्वेने पाच हजारांहून जास्त जुने शयनयान डबे विलगीकरणासाठी तयार केले. मधल्या फळ्या काढल्या, खिडक्यांना मच्छरदाण्या लावल्या, एका संडासाची न्हाणी केली, प्राणवायूच्या नळकांड्यांसाठी पकडी बसवल्या. एका डब्यात आठ कप्पे, कप्प्यात दोन रुग्ण. त्या वर्षी त्यांतले बरेचसे वापराविना उभे राहिले, आणि पैसा वाया गेला अशी टीकाही झाली. आम्हीही चहाच्या टपरीवर तसे बोललो होतो. २०२१ चा एप्रिल आला आणि आमचे बोलणे आमच्या घशात गेले. नंदुरबार जिल्ह्यात खाटा संपल्या. जिल्हा प्रशासनाने मागणी केली, आणि पश्चिम रेल्वेने हे डबे नंदुरबारच्या स्थानकात आणून लावले. डबे आणि त्यांची देखभाल रेल्वेची, डॉक्टर आणि परिचारिका राज्याच्या.

आमचे मामा त्या डब्यांपैकी एकात नऊ दिवस होते. वय ६४, मधुमेह. रुग्णालयांचे फोन लावून लावून मामेभाऊ थकला होता, त्यात ही जागा मिळाली. एप्रिल अखेरीचे नंदुरबारचे ऊन आणि पत्र्याचा डबा. कूलर लावले होते तरी दुपार कठीण जाई. आम्ही सुरतेत, इथेही स्मशानात रांगा होत्या, आणि सीमेवर तपासणी. जाणे शक्य नव्हते. रोज संध्याकाळी फोन यायचा. मामा आयुष्यभर याच लाईनने सुरतेला आमच्याकडे येत आलेले. तिसऱ्या दिवशी दम लागत असताना म्हणाले, “गाडीत तर बसलोय भो, पण सुरत काही येत नाही.” आम्ही इकडे हसलो, फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला. सातव्या दिवशी त्यांनी तक्रार केली की समोरचा रुग्ण खिडकीकडची बाजू देत नाही. त्या तक्रारीने आमच्या जिवात जीव आला. नवव्या दिवशी ते घरी गेले. समोरचा रुग्ण मात्र आठव्या दिवशी गेला होता. खिडकीची जागा मामांना मिळाली ती अशी. हे त्यांनी आम्हाला पुढच्या दिवाळीत सांगितले, फोनवर नाही.

करोना ओसरल्यावर अशा अनेक डब्यांत पुन्हा फळ्या बसवून ते प्रवासी गाड्यांना जोडले गेले. मामा अजून सुरतेला येतात. डब्यात चढले की आधी कप्पे मोजतात. बोलत काही नाहीत.

तर धाकट्याला उत्तर देता देता आमच्यापुढे जे चित्र उभे राहिले ते असे. महाराजांचा डबा संग्रहालयात गेला. प्रवाशांचा डबा मोटारींना, खवय्यांना, रुग्णांना कामी आला. गार्डचा डबा कापला गेला. त्याला कारण आहे. तो लहान, ओबडधोबड, आत नक्षी नाही, झुंबर नाही, आठ खाटाही मावणार नाहीत. त्यात बसून कोणी प्रसिद्ध माणूस कुठे गेला नाही. रोज एक माणूस एकटा बसून रुळांकडे मागे बघत राहिला, एवढाच त्याचा इतिहास. पण गाडी सुखरूप पोचली याचा पुरावा तोच डबा होता. सलूनमध्ये महाराज निश्चिंत झोपत तेसुद्धा शेवटच्या डब्यात कोणी तरी जागा आहे म्हणून.

आणि हे सुरतेत घडावे याचे आम्हाला जास्त वाटते. बी. बी. अँड सी. आय. रेल्वेचे मुख्य कार्यालय आरंभी सुरतेतच होते. १८६३ मध्ये ते मुंबईला गेले. या कंपनीची पहिली गाडी १८६० मध्ये धावली ती अंकलेश्वर ते उत्राण, म्हणजे आपल्या तापीच्या पलीकडच्या काठापर्यंत. मुंबईकरांना बोरीबंदर-ठाण्याचा अभिमान असतो, तो असावाच. पण विरार लोकलची वंशावळ काढली तर ती उत्राणला येते, हे आपल्या किती मुलांना माहीत आहे? आज सुरत आणि उधना या दोन्ही स्थानकांची नवी बांधकामे चालू आहेत. काच, सरकते जिने, मॉल, सगळे होईल आणि व्हावे. त्यात एका चार चाकी ब्रेकव्हॅनला उभे राहायला किती जागा लागेल? आमच्या अंदाजाने एका रिक्षा स्टँडपेक्षा कमी. मुलांनी चढावे, हातब्रेकचे चाक फिरवून पाहावे, ‘एल. व्ही.’ची पाटी वाचावी. शेजारी दोन ओळी, मराठी, गुजराती आणि हिंदीत.

यासाठी आम्ही एक अर्ज लिहून ठेवला आहे. मागच्या श्रावणात लिहिला, अजून दिलेला नाही. सरकारी नोकराने दुसऱ्या सरकारी खात्याला वैयक्तिक अर्ज करावा की नाही, या विचारात एक वर्ष गेले. खरे सांगायचे तर भंगारात गेलेले डबे संपत आले, मग अर्ज कशाला, अशीही पळवाट मनाने काढून पाहिली. पण ती पळवाट आहे हे आम्हाला कळते. मंडळाच्या नावाने आणि सभासदांच्या सह्यांनी अर्ज गेला तर त्याला वजन येईल. कार्यकारिणीपुढे तो या उत्सवातच ठेवावा अशी विनंती आहे. रेल्वेत नोकरी केलेली बरीच घरे आपल्या मंडळात आहेत. त्यांच्या सह्या आधी हव्यात.

अर्जाची प्रत पेटीत ठेवली आहे, समईच्या खाली. आमच्याकडे गणपती पाच दिवसांचा असतो. सहाव्या दिवशी पेटी पुन्हा माळ्यावर जाते, तेव्हा त्याआधी आरतीला या. पेटी उचलायलाही दोन माणसे लागतातच.